नंदनवनातली पाणबुडी

सांत्वनाला आलेल्या पहिल्या माणसाला दार नानाजींनीच उघडलं, आणि घोळ तिथंच सुरू झाला.

आले होते गणपतराव. नागपूरच्या इतवारीत नानाजींच्या थोरल्याचं, धर्मेंद्रचं, भांड्यांचं दुकान आहे, त्याच्या समोर यांचं धान्याचं. पांढरा सदरा, पडलेला चेहरा, डोळ्यांत घरून निघतानाच आणलेलं पाणी. समोर नव्वदी ओलांडलेले नानाजी काठीसारखे ताठ उभे पाहून त्यांनी दाराशेजारची 'उमाठे' ही पाटी वाचली, मग नानाजींकडे पाहिलं, मग पुन्हा पाटी वाचली.

"या," नानाजी म्हणाले. "कोणाकडं आले?"

"तुमच्याचकडं. म्हणजे तुमच्याचसाठी आलो होतो," गणपतराव म्हणाले. "आता काय सांगू."

ते बसले, पाणी प्याले, यंदा थंडी जास्त आहे यावर दोघांचं एकमत झालं आणि ते निघून गेले. त्यांच्यामागून दोन बायका आल्या, त्यांनी उंबऱ्यातच पदर तोंडाला लावला आणि नानाजींना पाहून तसाच धरून ठेवला. नंतर आलेल्या शेजारच्या मास्तरांना मात्र वंदनानं फाटकातूनच परत पाठवलं.

"वंदना," नानाजी सुनेला म्हणाले, "मी गेलो का वं? मले कोणी सांगतलं नाही."

कारण लटकत होतं कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला. संध्याकाळच्या कीर्तनाचा फ्लेक्स. धर्मेंद्रनं मोठ्या हौसेनं छापून घेतलेला: नौदलाच्या पांढऱ्या गणवेशातले तरणेबांड नानाजी, मागे निळा समुद्र, आणि खाली ठळक अक्षरांत, 'आख्यान : कमांडर नानाजी उमाठे'. भांडीवाल्याला वाटलं, कार्यक्रमाचं नाव लिहिलं. पण नंदनवन वस्तीतल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे, की कीर्तनाच्या उत्तररंगात आख्यान लागतं ते देवाचं, संताचं, नाहीतर देह ठेवलेल्या थोर माणसाचं. जित्या माणसाचं आख्यान लावत नाहीत. त्याची गोष्ट अजून संपायची असते, आणि शेवट कीर्तनकारानं ठरवायचा नसतो.

"पण फोटोले हार कुठं आहे?" धर्मेंद्र वैतागून म्हणाला. "हार नाही तर माणूस जिवंत, एवढं लोकायले कळत नाही?"

"अहो, आख्यान लिहिलं ना तुम्ही," वंदना म्हणाली. "मले दाखवलं असतं छापायच्या आधी तर."

वंदनाला विचारायला हवं होतं, हे खरं. लग्न होऊन आली तेव्हापासून या घरात कीर्तन समजणारी ती एकटी. मारुतीच्या देवळात कोणीही बुवा उभे राहोत, मागे टाळ घेऊन धृपद धरायला वंदना असायची. पूर्वरंगातलं निरूपण ऐकताना तिचे डोळे भरून यायचे, आणि भाजीला फोडणी देतानाही ती त्याच चालीत असायची. पण बायकोला विचारून फ्लेक्स छापला, असं इतवारीत कोण सांगणार?

दुपारी धाकटा सुशील आला, बुटीबोरीहून थेट. कारखान्याचा गणवेश अंगावरच होता.

"दादा, मले सकाळपासून फोनवर फोन. आमच्या साहेबानं तर तेरा दिवसांची सुट्टी मंजूर केली. आता त्याले काय सांगू, जिवंत आहेत म्हणून?"

"घेऊन टाक," खुर्चीतून नानाजी म्हणाले. "मंग वेळेवर भेटत नाही."

धर्मेंद्रला हसू आलं नाही. त्याचं सगळं आजच्या संध्याकाळवर अडकलं होतं. वॉर्डाचे नगरसेवक भैय्याजी कीर्तनाला येणार होते आणि समोरच्या चौकाला नानाजींचं नाव द्यायचा ठराव मांडणार असल्याचं तिथंच जाहीर करणार होते. भैय्याजींची अट एकच: नानाजी पहिल्या रांगेत पाहिजेत, आणि पाणबुडीचा प्रसंग रंगला पाहिजे. निवडणूक जवळ आली होती. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या मतदारांना पाणबुडीइतकं दुसरं काय आवडणार?

धर्मेंद्र एकाहत्तरच्या युद्धाच्याच वर्षी जन्मला. बापानं शत्रूची पाणबुडी बुडवली, हे त्यानं आईच्या दुधाबरोबर ऐकलं होतं. शाळेत त्याला 'पाणबुड्या' म्हणायचे आणि तो ते मिरवायचा. पितळ, तांबं, स्टील विकण्यात आयुष्य गेलं. पण गल्ल्यामागं आजही तोच गणवेशातला फोटो आहे. गिऱ्हाईक विचारतंच, आणि धर्मेंद्र सांगतोच.

चारच्या सुमाराला कीर्तनकार रुपरावबुवा आले. कीर्तनाआधी बुवा जेवत नाहीत. वंदनानं त्यांना मिरं घातलेला चहा दिला. बुवांनी फ्लेक्सचा विषय हसण्यावारी नेला.

"आख्यान मारुतीरायाच्या समुद्रोल्लंघनाचं लावू. नानाजी पूर्वरंगात येतील, दृष्टांत म्हणून. दृष्टांताले जिवंत माणूस चालतो, उलट बराच असतो. सांगा आता, पाणबुडी कशी बुडवली?"

प्रश्न नानाजींना होता. उत्तर धर्मेंद्रनं दिलं. अंधारी रात्र, खवळलेला समुद्र, पाण्यातून वर आलेली शत्रूची दुर्बीण, नानाजींचा हुकूम. सुशीलला ते थोडं कमी वाटलं. त्यानं एक क्षेपणास्त्र घातलं. दादाचा मान राखायचा म्हणून एकच.

नानाजी दोघांचं होईपर्यंत थांबले.

"झालं?" ते म्हणाले. "आता माझं ऐका बुवा. जहाजाचं नाव रणवेध. खात्याच्या भाषेत विनाशिका. जुनी होती बिचारी, बॉयलर म्हणजे दम्याचा माणूस. बंगालच्या उपसागरात गस्त घालून राहिलो होतो. यंत्रावर पाण्याखालचा आवाज आला. मी हुकूम दिला, पाण्यात फुटणारे बॉम्ब टाकले. समुद्र फुगला, फुटला, अन् वर आले मासे. पोटं वर करून, नजर जाईल तिथवर मासे. खलाशांनी पोटभर खाल्ले. हे माझी पाणबुडी."

बुवांनी चहाचा कप खाली ठेवला.

"दुसऱ्या दिवशी," नानाजी पुढं म्हणाले, "आमच्या विमानांनी बुडवलेल्या एका लाँचवरची माणसं दिसली. शत्रूची. फळ्या धरून तरंगत होती. त्या भागात खरी पाणबुडी आहे अशी खबर होती. अशा पाण्यात जहाज थांबवायचं नसते. थांबलेलं जहाज म्हणजे खुंट्याले बांधलेलं बकरू. माझ्या जहाजावर अडीचशेवर माणसं होती, त्यायच्याही घरी कोणी वाट पाहून राहिलं होतं. तरी मी थांबवलं. जाळ्या सोडल्या, सगळ्यायले वर घेतलं. नंतर विचारणा झाली. एका वरिष्ठाचं मत पडलं, हा माणूस समुद्रावर कामाचा नाही. मंग उरलेली नोकरी दोरखंड अन् रंगाच्या डब्याच्या कोठारावर. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. दुसरा कोणी थांबला असता तर मीही तसंच लिहिलं असतं."

"मग पाणबुडी आली कुठून?" बुवांनी विचारलं.

भिंतीशी बसलेल्या वच्छलाबाई, नानाजींच्या बायको, पुढं सरकल्या.

"माह्या बाबानं आणली," त्या म्हणाल्या. "गाव विचारून राहिलं होतं, जावयानं लढाईत काय केलं म्हणून. आमचं घर माळकरी. मासे मारले म्हणून सांगा लागलं असतं बाबाले! गळ्यात माळ घालून? लोकं दारात पाणी नसते प्याले. मंग बाबा बोलला, पाणबुडी बुडवली. अन् थांबून दुश्मनाले वर घेतलं, हे तर सांगायची सोयच नव्हती."

माशांचा जीव घेणं माळेला चालत नव्हतं. पाणबुडीभर माणसं बुडवणं चाललं. देवाच्या दारात असे हिशोब कसे लागतात ते तोच जाणे. पण त्या खेड्यात तो हिशोब बरोबर लागला, आणि इतकी वर्षं कोणी तपासला नाही.

"बुवा," नानाजी म्हणाले, "मी आज येईन. पण झालं ते सांगाल तरच. इतक्या वर्षांत कोणी मोठ्यानं सांगतलं नाही. मी ऐकून मरीन म्हणतो. नाहीतर मी इथंच बरा."

"जसं झालं तसंच सांगतील बुवा, नानाजी," धर्मेंद्र घाईघाईनं म्हणाला. आणि बुवांना गाडीपर्यंत सोडायला गेला तेव्हा फाटकाशी हळूच म्हणाला, "बुवा, पाणबुडीच घ्या. म्हाताऱ्याले काय कळते आता. भैय्याजी येऊन राहिले."

तुळशीला पाणी घालणाऱ्या वंदनानं ते ऐकलं. नवरा परत आला तशी ती म्हणाली, "नारदाच्या गादीवरून खोटं सांगायले लावता?"

"खोटं नाही, मोठं," धर्मेंद्र म्हणाला. "चौकाले काय नाव देऊ मंग, मासे चौक? दुश्मनाले वाचवलं म्हणून कोणी पाटी लावते का? माह्या बापाचं नाव एकदा तरी कुठं लागू दे. तू टाळ वाजव."

"आई, तुम्ही तरी सांगा यांना," वंदना सासूकडे वळली.

वच्छलाबाईंनी नजर चुकवली. "राहू दे वं पाणबुडी. माह्या बापाचा शब्द आहे तो."

सुशील म्हणाला, "वहिनी, जाऊ दे ना. क्षेपणास्त्र काढून टाकतो मी माझं." त्याच्या परीनं ती मोठीच माघार होती.

संध्याकाळी देवळाचा सभामंडप भरला. निम्मी गर्दी कीर्तनाला आलेली होती, आणि निम्मी नानाजी खरंच आहेत का ते पाहायला. नानाजी पहिल्या रांगेत खुर्चीवर, शेजारी भैय्याजी, त्यांच्या शेजारी भैय्याजींचा फोटो काढणारा. तोफांच्या आवाजानं नानाजींचे दोन्ही कान केव्हाच गेलेले. पण आज त्यांनी कानातलं यंत्र नव्या सेलसह बसवलं होतं आणि ते नीट बसलंय ना, हे दोनदा बोटानं चाचपलं होतं. वंदनानं ते पाहिलं. मग ती बुवांच्या मागे टाळ घेऊन बसली.

नमन झालं, बुवांनी निरूपणाचा विषय मांडला: भक्ती करावी ती भीती टाकून. आवाज लागला होता. पेटीवाल्यानं मान डोलावली. मग बुवा एक पाय पुढं टाकून म्हणाले, "आता याला दृष्टांत. लांब कशाला जायचं? आपल्या नंदनवनातलाच." लोक सरसावून बसले. बुवांची नजर भैय्याजींवर गेली, तिथून खांबाला टेकलेल्या धर्मेंद्रवर. आणि त्यांनी स्वतः रचलेलं धृपद उचललं:

"दर्यात दडली वैऱ्याची नाव,
नागपूरकराने हेरिला ठाव!"

मंडपात टाळ्यांचा पाऊस पडला. धृपद मागच्यांनी धरायचं असतं. वंदनानं धरलं, तोंडानं वर्षानुवर्षांची सवय मोडली नाही. बुवा रंगले. रात्र अंधारली, समुद्र खवळला, दुर्बीण वर आली. भैय्याजी मांडीवर ताल धरू लागले, धर्मेंद्रचा चेहरा उजळला. आणि वंदनानं पाहिलं, नानाजींचा हात सावकाश कानाशी गेला. त्यांनी यंत्र काढलं, रुमालात गुंडाळलं आणि खिशात ठेवलं. चेहऱ्यावर राग नव्हता. स्टेशनवर गाडी चुकलेला माणूस फलाटावर बसून राहतो, तसे ते बसून राहिले.

"हेरिला ठाव!" बुवांनी पुन्हा धृपद टाकलं आणि मागे पाहिलं.

वंदनानं ते धरलं नाही. टाळ थांबला. पेटीवाला एकटाच पुढं गेला, अडखळला. बुवांनी पाणबुडीवर बॉम्ब सोडायला हात वर नेला होता, नेमक्या त्याच वेळी वंदनानं डोळे मिटले आणि खड्या आवाजात विठ्ठलाचा गजर सुरू केला.

ज्यांना कीर्तन कळतं त्यांना हे सांगायला नको. मागच्यांनी नामाचा गजर उचलला की गादीवरच्यानं थांबायचं. मग तोंडात वाक्य असो की पाणबुडी असो. नामापुढं कथा मोठी नाही. पण गजर मध्येच उचलायचा तो बुवांच्या इशाऱ्यानं, आपल्या मनानं नाही. मंडपात कोणी साथ देईना. धर्मेंद्र खांबापासून सुटून दोन पावलं पुढं आला. वंदनाचा एकटीचा आवाज कापरा झाला, आता तुटतो की काय असं वाटलं. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं दुसरा आवाज आला, जाडाभरडा, बेसूर, थोडा मागे राहणारा. वच्छलाबाई डोळे मिटून टाळी वाजवत होत्या. त्यांच्या बापाचा शब्द त्यांनीच मागं घेतला होता. सासू आणि सून दोघी एका गजरात म्हटल्यावर नंदनवनातल्या बायका कशाला मागं राहतील? मंडप दणाणला.

बुवा संतापले होते, ते त्यांच्या कपाळावर दिसत होतं. पण गजर चालू असताना त्यांनी पाहिलं, सगळा मंडप टाळी वाजवतोय आणि एक म्हातारा हात मांडीवर ठेवून शून्यात बघतोय. त्याच्या कानात काही नाही. गजर ओसरला तेव्हा त्यांनी गादीला वाकून हात लावला.

"मंडळी," ते म्हणाले, "हे झालं लोकांनी सांगितलेलं. आता ज्यानं केलं त्यानं सांगितलेलं ऐका."

आणि त्यांनी मासे आणले. मंडपात हसू पिकलं. दोन-चार माळकऱ्यांचे हात आपसूक माळेकडे गेले. मग बुवांनी फळ्या धरलेली माणसं आणली, आणि हसू विरलं. बुवा गायले नाहीत. खालच्या आवाजात, घरी दुपारी ऐकलं तसंच सांगत गेले. खुंट्याला बांधलेलं बकरू सांगितलं, जहाजावरची अडीचशे माणसं सांगितली, सोडलेल्या जाळ्या सांगितल्या, रंगाचे डबे सांगितले. कोणी टाळी वाजवली नाही. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

"अन् वाचले का बुवा थे?" बायकांतून एका म्हातारीनं विचारलं.

"वाचले माय."

"बरं झालं," म्हातारी म्हणाली. तेवढंच झालं. बुवांनी मारुतीरायाला किनाऱ्यावर आणून उभं केलं आणि आख्यान सुरू झालं.

भैय्याजी आरतीला थांबले नाहीत. जाता जाता त्यांनी धर्मेंद्रच्या खांद्यावर हात ठेवला. चौकाचा विषय मोठा आहे, म्हणाले. सगळ्यांचं मत घ्यावं लागेल, आणि दुश्मनाचं वगैरे जरा नाजूक असते. फोटोवाला त्यांच्यामागं धावला.

प्रसादाची ताटली घेऊन वंदना नानाजींपुढं गुडघ्यावर बसली. तिला रडू फुटत होतं. जिंकली होती ती, आणि ज्याच्यासाठी जिंकली त्याच्या खिशात रुमालात कान बांधलेले. तिनं खुणेनं यंत्र लावायला सांगितलं. नानाजींनी सावकाश लावलं.

"नानाजी, बुवांनी खरं सांगतलं. सगळं सांगतलं. तुम्ही ऐकलंच नाही."

"समजलं मले."

"कसं? मशीन तर खिशात होती."

"आधी लोकं टाळ्या वाजवून राहिले होते," नानाजी म्हणाले. "मंग एकाचेही हात हलेनात. तवाच समजलो, आता ते माणसं पाण्यात आहेत." त्यांनी प्रसादाचा शिरा तोंडात टाकला. "वच्छलेनं पण हात थांबवले होते. पाहिलं मी."

मागे धर्मेंद्र येऊन उभा होता. बायकोकडे त्यानं पाहिलं नाही. ते भांडण घरी व्हायचं होतं आणि बरेच दिवस चालायचं होतं. तो बापासमोर आला. चौपन्न वर्षांचा माणूस, कानशिलं पांढरी झालेली, पण उभा राहिला शाळेतल्या पोरासारखा.

"पाणबुडी नव्हती, ठीक आहे," तो म्हणाला. "पण थे तुमचे कोण होते? तुमच्या घरी मी होतो ना, पाळण्यात. त्या पाण्यात तुमाले काही झालं असतं तर? काहून थांबले तुमी?"

प्रसादाला रांगेत उभे असलेले लोक वळून पाहू लागले. सुशीलनं दादाचा दंड धरला, तो त्यानं झटकला. नानाजींनी मुलाकडे वर बघितलं, आणि इतक्या वर्षांच्या गणवेशाखाली दडलेली काटोलकडची बोली त्यांच्या तोंडातून सगळीच्या सगळी बाहेर आली.

"थे हात करून राहिले होते गा," ते म्हणाले. "तुहा आबा बैलबंडी घेऊन निंगाला, अन् रस्त्यात कोणी हात केला, तं बंडी थांबवे. कोण हाय, कोन्या गावचा हाय, चोर हाय का साव हाय, हे मंग. मले जहाज देलं सरकारनं, पण हाकायले मी बंडीच शिकलो होतो." त्यांनी शेजारची, भैय्याजींनी रिकामी केलेली खुर्ची हातानं जवळ ओढली. "आधी बसवा लागते बाप्पा, मंग पुसा लागते. बस."

धर्मेंद्र उभाच राहिला थोडा वेळ. मग बसला.